शेवटच्या हाताचा दोष

जुन्या, खूप पळालेल्या मोटारीच्या गिअरबॉक्समधले तेल बदलावे की तसेच राहू द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजच्या दारातच सुटावा इतका किरकोळ आहे. पण त्याची उत्तरे इतकी परस्परविरोधी आहेत, आणि ती देणारी माणसे आपापल्या कामात इतकी मुरलेली आहेत, की प्रश्न केवळ तेलाचा राहत नाही. मोटार विकणाऱ्या काही कंपन्या सांगतात की हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेले असते. गिअरबॉक्स बनवून या कंपन्यांना पुरवणारी मंडळी सांगतात की ते ठरावीक अंतरानंतर बदललेच पाहिजे. आणि सोलापुरातला, किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या गावातला, मिस्त्री सांगतो की दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचे तेल आजवर कधीच बदललेले नसेल तर आता त्याला हात लावू नये, कारण नवे तेल पडले की गिअरबॉक्स बसतो. या तिघांपैकी कोणी अडाणी नाही आणि कोणी सरळ खोटेही बोलत नाही. मिस्त्रीचे मत यंत्रशास्त्राचा नियम म्हणून कच्चे आहे, पण जबाबदारी कोणाच्या गळ्यात पडते याचा अनुभव म्हणून ते पुरेपूर खरे आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच वादाचा निकाल लागत नाही, असे येथे मांडायचे आहे.

आधी तेलाचे काम. गिअरबॉक्स म्हणजे इंजिनाची फिरकी चाकांपर्यंत नेताना तिच्यातला वेग आणि जोर यांची अदलाबदल करणारी दातेरी चक्रांची पेटी. हाताने गिअर टाकायच्या गाडीत या पेटीत साधारण दोन लिटर दाट तेल असते आणि त्याचे मुख्य काम वंगणाचे, म्हणजे दातांमध्ये पातळ थर राखून धातू धातूवर घासू न देण्याचे असते. तरी येथेही एक खोच आहे. गिअर पडताना दोन चक्रांचे वेग जुळवून देणारी पितळी कडी, जिला सिंक्रोनायझर म्हणतात, ती काम करते घर्षणावर. म्हणजे दातांना निसटते ठेवणाऱ्या तेलानेच कडीला मात्र पकड घेऊ द्यायची असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ही कसरत कितीतरी पटींनी वाढते. तेथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाची तेलाने भरलेली डबी असते. तिच्यातले एक पंख्यासारखे चाक तेल ढकलते आणि त्या लोटाने समोरचे दुसरे चाक फिरते, म्हणजे गाडी ओढणारा जोर अक्षरशः तेलातून जातो. शिवाय कोणता गिअर केव्हा पडावा हे ठरवणाऱ्या झडपा तेलाच्या दाबावर सरकतात, तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांना धरायला आणि सोडायला तेच तेल लागते, आणि या सगळ्या उलाढालीत निर्माण होणारी उष्णता बाहेर नेण्याचे कामही त्याच्याकडेच असते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीसाठी हायड्रामॅटिक हा मोठ्या संख्येने निघालेला पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, तेव्हापासून या तेलाला वंगण म्हणणे अपुरे ठरले. ते यंत्राचा एक भागच आहे, फक्त पातळ.

पातळ भागही झिजतो. फक्त त्याची झीज डोळ्यांना दिसत नाही. मूळ तेलात मिसळलेली रसायने हीच त्याची खरी संपत्ती असते: काही तेलाला हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावू देत नाहीत, काही फेस होऊ देत नाहीत, काही मळ एका जागी बसू न देता तरंगता ठेवतात, काही रबरी सील मऊ राखतात, आणि घर्षण-नियामक म्हणवणारी काही रसायने क्लच प्लेट झटका न देता हळुवार धरावी अशी योजना करतात. या शेवटच्या कामासाठी एके काळी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जाई. अमेरिकेने १९७० साली हा देवमासा धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातला आणि त्याच्या तेलाचा मार्ग बंद झाला, तेव्हा तेल कंपन्यांना पर्याय शोधताना बरीच धडपड करावी लागली. सोलापूरच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा खोल समुद्रातल्या प्राण्याशी असा संबंध असावा, हे जरा विचित्रच. पण गिअरबॉक्सचे तेल म्हणजे ‘कुठलेही लाल तेल’ नव्हे, हे त्यातून जितके कळते तितके डब्यावरच्या लेबलातून कळत नाही.

इंजिनाच्या तेलात जळणाची काजळी उतरते म्हणून ते दहा हजार किलोमीटरांत काळे पडते आणि मालकाला त्याची आठवण करून देते. गिअरबॉक्समध्ये काहीच जळत नाही, म्हणून तेथले तेल दीर्घकाळ टिकते आणि म्हणूनच विसरले जाते. त्याचा शत्रू एकच, उष्णता. रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचे सूत्र स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते आरेनियस यांनी १८८९ साली मांडले, आणि तेलाच्या व्यवहारात त्याचे ढोबळ रूप असे मानतात की तापमान दर दहा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल सुमारे ८० ते ९५ अंशांवर सुखाने काम करते. त्याला थंड ठेवणारा कूलर शेवटी बाहेरच्या हवेलाच उष्णता देतो, आणि हवाच तापलेली असेल तर देण्याघेण्याला वाव कमी उरतो. मार्चअखेरीपासून मेपर्यंत चाळिशीच्या वर राहणारा सोलापूरचा पारा त्यामुळे तेलाच्या आयुष्यात थेट मोजला जातो. भर दुपारी, पाच माणसे आणि सामान घेऊन, एअर कंडिशनर लावून बालाघाटाचा चढ चढत तुळजापूरला जाणारी गाडी. किंवा गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत पंढरपूरच्या रस्त्याने निघालेली गाडी: किलोमीटर दोघींच्याही मीटरवर थोडेच चढतात, पण तेल बरेच खर्च होते. पुस्तिकेत ‘कठीण परिस्थितीत वापर’ असा वेगळा आणि अधिक कडक रकाना असतो. बहुतेक वाचक तो वाळवंटासाठी वा डोंगराळ प्रदेशासाठी आहे असे समजून पुढे जातात. तो त्यांच्याचसाठी असतो.

आता ‘आयुष्यभराची भरणी’ या शब्दाकडे वळता येईल. आयुष्य कोणाचे, हे तो शब्द सांगत नाही. जर्मनीची झेडएफ ही कंपनी अनेक नामांकित गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. तिचा स्वतःचा सल्ला असा की वापर पाहून ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान, किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांनी, तेल बदलावे. तिचाच गिअरबॉक्स बसवलेल्या काही गाड्यांच्या पुस्तिकांत मात्र हे तेल बदलण्याची गरज नाही असे छापलेले असते. बनवणारा एक सांगतो आणि विकणारा दुसरे, याचे कारण दोघांचे हिशेब वेगळे आहेत. गाडी विकणाऱ्याला देखभालीचा खर्च कमी दाखवायचा असतो, कारण पहिला ग्राहक खरेदीपूर्वी तोच पाहतो. आणि तो ग्राहक पाच-सात वर्षांत गाडी बदलणार असतो. म्हणजे ‘आयुष्य’ हा शब्द यंत्राच्या आयुष्याला लावलेला नसून पहिल्या मालकीच्या आणि हमीच्या मुदतीला लावलेला आहे. भारतात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. कंपनीच्या शब्दातले आयुष्य आणि आरटीओच्या कागदावरचे आयुष्य यांत जे अंतर पडते, त्यातच जुन्या गाड्यांचा बाजार उभा आहे.

सोलापूर हे त्या अंतरात राहणारे शहर आहे. एमएच-१३ या आपल्या क्रमांकाइतक्याच सहजपणे येथील रस्त्यांवर पुण्याचा एमएच-१२ आणि पिंपरी-चिंचवडचा एमएच-१४ दिसतो, आणि त्यातल्या सगळ्याच गाड्या काही स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला निघालेल्या नसतात. कितीतरी येथेच नांदायला आलेल्या असतात. पुण्यात पहिल्या मालकाने रहदारीत अडकत, थांबत-सुटत वापरलेली गाडी अडीचशे किलोमीटर पूर्वेला येऊन दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे दुसरे आयुष्य सुरू करते. हातानेच गिअर टाकायच्या गाड्यांचा काळ होता तोवर या स्थलांतराला फारशी जोखीम नव्हती. ती पेटी दुर्लक्षही सोसते. पण २०१४ साली मारुतीने सेलेरिओ गाडीत स्वस्तातला स्वयंचलित गिअर आणला, त्यापुढच्या दशकात ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, आणि आता त्या पिढीच्या गाड्या दुसऱ्या बाजारात उतरू लागल्या आहेत. पहिल्या मालकाने जे तेल न बदलून पैसे वाचवले ते पैसे वाचलेले नसतात, पुढे ढकललेले असतात. गाडीबरोबर तेही हस्तांतरित होतात, फक्त विक्रीच्या करारात त्यांचा उल्लेख नसतो.

हे मालकीशी निगडित आहे याचा पुरावा सोलापूर जिल्ह्यातच मिळतो. ट्रॅक्टरची गिअरपेटी, मागचा धुरा आणि अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा बहुधा एकाच तेलावर चालते, ते तेल दोन-चार नव्हे तर कितीतरी अधिक लिटर लागते आणि म्हणून त्याचा खर्चही मोठा असतो. तरीही माळशिरस वा मोहोळकडच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरचे तास विचारले तर तो मीटरवरचा आकडा सांगतो, आणि हजार तासांच्या आसपास तेलाचा विषय निघतो हेही त्याला ठाऊक असते. त्याला कोणी ट्रॅक्टर ‘आयुष्यभराच्या तेला’सह विकत नाही. एस.टी.च्या आगारातही देखभालीचे वेळापत्रक ठरलेले असते, बस कोणत्या चालकाच्या हाती आहे यावर ते अवलंबून नसते. दोन्हीकडे कारण एकच: ट्रॅक्टर आणि बस मोडीत निघेपर्यंत बहुधा एकाच घराच्या वा संस्थेच्या असतात, त्यामुळे आज टाळलेला खर्च उद्या त्यांच्याच दारात येतो. मोटारीचा मालक मात्र जुगारात पत्ते पुढे सरकवावेत तशी गाडी पुढे सरकवू शकतो. यंत्रशास्त्र तेच असताना एका वाहनाला तेलाचा नियम आहे आणि दुसऱ्याला तेलाची दंतकथा आहे, याचा उलगडा यंत्रात सापडणार नाही.

दंतकथा म्हणजे तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो, ही. तिच्यामागे अनुभव आहे हे मान्य करावे लागेल. असे प्रसंग घडतात. पण कोणत्या गाड्यांच्या बाबतीत घडतात? ज्याची गाडी सुरळीत चालली आहे तो तेलाचा विचारही करत नाही. गाडी उचल घेईनाशी झाली, गिअर पडताना झटका मारू लागली, इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही अशी ‘स्लिप’ होऊ लागली, म्हणजे मग तेल बदलून पाहू असे ठरते. अशा वेळी क्लच प्लेटा आधीच जळालेल्या असतात. तेल बदलल्यावर आठ-पंधरा दिवसांत गिअरबॉक्स बंद पडतो आणि दोष तेलावर येतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे मराठीत म्हणतात. भारतीय परंपरेत यालाच काकतालीय न्याय असे नाव आहे, म्हणजे कावळा ताडावर बसण्याचा आणि फळ पडण्याचा क्षण एक झाला म्हणून पहिल्याला दुसऱ्याचे कारण मानणे. येथे तर गाठही योगायोगाची नाही: फांदी कडकडू लागली म्हणूनच कावळ्याला बोलावले होते. आणि ज्यांनी वेळेवर तेल बदलले, ज्यांच्या गाड्या त्यानंतर लाखभर किलोमीटर निमूट चालल्या, त्यांची गोष्ट गॅरेजमध्ये कोणी सांगत नाही. न मोडलेल्या यंत्राची बातमी होत नसते.

एवढे म्हणून मिस्त्रीला खोटे पाडणे मात्र सोपेपणाचे होईल. त्याच्या म्हणण्यात काही अंश यंत्राचाही आहे. गॅरेजमध्ये दिले जाणारे नेहमीचे स्पष्टीकरण असे की जुन्या तेलात क्लच प्लेटांचा जो भुगा मिसळलेला असतो त्याच्याच खरखरीवर झिजलेल्या प्लेटा पकड घेतात. हे फारसे पटण्याजोगे नाही, कारण तोच भुगा झडपांच्या बारीक वाटाही घासतो आणि अडवतो. अधिक तर्काला धरून स्पष्टीकरण घर्षण-नियामकाचे आहे. ही रसायने पकड मुद्दाम थोडी मऊ करतात, म्हणजे गिअर पडताना हिसका बसत नाही; तेल जुने होता होता ती संपतात, पकड राठ होते, आणि निरोगी गिअरबॉक्स थरथरू लागतो. पण ज्याच्या प्लेटा झिजल्या आहेत आणि तेलाचा दाबही उतरला आहे, असा गिअरबॉक्स कदाचित त्या राठपणावरच तग धरून असतो. नव्या तेलाने पकड पुन्हा मऊ झाली की त्याचा आधार जातो. याशिवाय, यंत्र लावून दाबाने सगळे तेल एकदम धुऊन काढण्याची जी ‘फ्लशिंग’ची पद्धत आहे, तिच्यात वर्षानुवर्षे तळाला बसलेला गाळ सुटून झडपांच्या केसासारख्या वाटांत अडकण्याची शक्यता खरी आहे. म्हणजे तेल बदलणे धोक्याचे नसते. पंधरा वर्षांचे दुर्लक्ष एका दुपारी धुऊन काढण्याचा हट्ट धोक्याचा असतो.

येथे चरकसंहितेतली एक विभागणी उपयोगी पडते. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात रोगांचे चार वर्ग केले आहेत: सहज बरे होणारे सुखसाध्य, कष्टाने बरे होणारे कृच्छ्रसाध्य, बरे न होणारे पण उपचार चालू असेपर्यंत आवाक्यात राहणारे याप्य, आणि असाध्य. त्याच ठिकाणी वैद्याला इशाराही आहे की असाध्य रोग हाती घेणाऱ्याचे धन, विद्या आणि कीर्ती यांची हानी होते. वैद्याच्या नीतीबद्दलचा हा विचार दिसायला स्वार्थी वाटतो. पण त्याचा गाभा असा की उपचारापूर्वी रोगाची जात ओळखली पाहिजे आणि ती रोग्याच्या माणसांना सांगितलीही पाहिजे. जुन्या गिअरबॉक्सच्या वादात सगळ्यांचा घोटाळा नेमका येथे होतो. तेल लाल-तांबूस आहे, वास जळका नाही, गिअर मुकाट्याने पडतात, फक्त किलोमीटर फार झाले आहेत, ही अवस्था सुखसाध्य. येथे तेल न बदलणे हीच चूक. तेल काळपट झाले आहे, अधूनमधून झटका बसतो, पण तळाच्या लोहचुंबकावर फक्त पिठासारखी बारीक राखाडी पूड आहे, ही अवस्था कृच्छ्रसाध्य किंवा याप्य. येथे सावकाशीने, टप्प्याटप्प्याने बदल करायचा. आणि तेलाला करपल्याचा वास, चुंबकावर हाताला टोचणारे धातूचे कण, गाडी स्लिप होते, ही अवस्था तेलाच्या पलीकडची. तेथे गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नाही आणि नवे तेल म्हणजे मरणासन्नाच्या तोंडात घातलेले गंगाजल. ‘हात लावू नका’ हा मिस्त्रीचा सल्ला चौथ्या वर्गापुरता योग्य आहे. तो त्याने पहिल्या तीन वर्गांनाही लावला, कारण वर्ग ओळखण्याचे मोल त्याला कोणी देत नाही आणि वर्ग चुकला तर भरपाई मात्र त्याच्याकडे मागतात.

हा मुद्दा सविस्तर पाहण्यासारखा आहे. गाडी गॅरेजमध्ये येते तेव्हा तिचा इतिहास बरोबर येत नाही. सर्व्हिसिंगची नोंदवही दुसऱ्या विक्रीतच हरवलेली असते, मीटर मागे फिरवलेला असू शकतो, कोणत्या मालकाने काय टाळले हे कोणी सांगत नाही. त्या सगळ्या साखळीत नाव आणि पत्ता माहीत असलेला, दुकान उघडून बसलेला माणूस एकटा मिस्त्री. गाडी बंद पडली की ती त्याच्याच दारी येते, आणि ‘तुमच्याकडून नेल्यावरच बिघडली’ हे वाक्य त्याला ऐकावे लागते. दोष शेवटच्या हाताला चिकटतो. ज्या कामात दोन-चारशे रुपये मजुरी मिळायची आणि लाखाच्या घरातल्या बिघाडाचा आळ घ्यायचा, ते काम टाळणे हे अज्ञान नव्हे, तो चोख हिशेब आहे. त्या हिशेबाला गिऱ्हाइकापुढे जे यंत्रशास्त्राचे कपडे चढवले जातात, ते तेवढे काढून ठेवले पाहिजेत.

ज्ञानाचीही वाट अडवलेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू न देता बाजार आपल्या मुठीत ठेवल्याबद्दल होता. दंडाचा वाद पुढे वरच्या पायऱ्यांवर गेला, तो भाग वेगळा. पण आयोगाने टिपलेली परिस्थिती ही या लेखातल्या मिस्त्रीचीच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ सुरू केले त्यात मोटारींचाही समावेश आहे. तरीही एखाद्या गाडीच्या ऑटोमॅटिक पेटीला तेल मोजण्याची दांडीच नसते, तेलाची पातळी ठरावीक तापमानाला, गाडी सपाटीवर आणि इंजिन चालू ठेवून, बाजूच्या नटातून ओघळणाऱ्या थेंबांवरून ठरवायची असते, आणि ते तापमान संगणक जोडल्याशिवाय कळत नाही, ही साधी गोष्ट ज्याच्यापर्यंत पोचली नाही त्याने तेल भरले तर ते कमी तरी पडते किंवा जास्त तरी. मग गिअरबॉक्स बसतो तो तेल बदलल्यामुळे नव्हे, चुकीचे मोजल्यामुळे. १९९२ साली स्थापन झालेली सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे बनवून परदेशी मोटार कंपन्यांना पुरवते. केसाच्या जाडीहून कमी फरक मोजणारी माणसे याच शहरात राहतात. घडवण्याचे ज्ञान शहरात पोचले आणि राखण्याचे पोचले नाही, हा दोष त्या शहराचा म्हणता येत नाही.

चुकीच्या तेलाचे प्रकरण तर आणखी बिकट आहे. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळी यंत्रे विकली जातात. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या पेटीचे तेल वेगळे. दोन शंकूंच्या मधून सरकणाऱ्या पोलादी पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीचे तेल वेगळे, कारण त्या पट्ट्याला पकड हवी असते, आणि तेथे साधे ऑटोमॅटिकचे तेल पडले तर पट्टा घसरून शंकूंवर चरे पडतात. दोन क्लचवाल्या पेटीत क्लच कोरडा आहे की तेलात बुडालेला, यावर सारे ठरते. आणि सेलेरिओसारख्या एएमटी गाडीतली पेटी मुळात साध्या हाताच्या गिअरचीच असते, फक्त गिअर टाकणारा हात यंत्राचा असतो. तिला साधेच गिअर ऑइल लागते, आणि त्या यांत्रिक हाताला स्वतःचे थोडे वेगळे तेल. हाताच्या गिअरबॉक्समध्येही जीएल-४ आणि जीएल-५ अशा दोन प्रती आहेत. दुसरी अधिक ‘भारी’ म्हणून गिऱ्हाइकाला आवडते, पण तिच्यातली गंधकयुक्त रसायने काही पेट्यांतल्या पितळी कड्यांना सोसत नाहीत आणि तिच्या निसरडेपणामुळे कड्या पकड घेत नाहीत. महाग म्हणजे चांगले हा नियम साडीला लागू असेल. येथे तो लागू नाही.

मग करावे काय? जेथे इतिहास माहीत नाही आणि अवस्था दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातली आहे, तेथे उत्तर अंकगणितातच आहे. ऑटोमॅटिक पेटीचा तळाचा नट खोलला तर सगळे तेल निघत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडून राहते. आठ लिटरांपैकी समजा सव्वातीन लिटर निघाले, म्हणजे सुमारे ४० टक्के. तेवढेच नवे भरले तर जुने ६० टक्के उरते. हजार-दीड हजार किलोमीटर चालवून पुन्हा तेच केले तर जुने ३६ टक्के, आणि तिसऱ्यांदा केले तर २२ टक्क्यांच्या आत. तीन खेपांत पाऊणपेक्षा अधिक तेल नवे होते, पण बदल एका झटक्यात होत नाही. नव्या तेलातली मळ सोडवणारी रसायने आपले काम हळूहळू करतात, सुटलेली घाण पुढच्या खेपेला बाहेर पडते, आणि पहिल्या खेपेनंतर गाडीची चाल बिघडली तर थांबण्याची सोय राहते. फ्लशिंगच्या यंत्रात ती सोय नसते. ज्या पेटीत फिल्टर तळाच्या कढईत बसवलेला असतो तेथे एका खेपेला तो आणि चुंबक साफ करणे आलेच. एकूण दहा लिटरांच्या आसपास तेल लागते, त्याचा खर्च गाडीच्या दोन नव्या टायरांच्या जवळपास जाऊ शकतो. पण टायर गुळगुळीत झाले की ते बदलण्याबद्दल कोणी वाद घालत नाही.

यात मालकाचे एक काम आहे, ते तेलाइतकेच महत्त्वाचे: मिस्त्रीने गाडीची अवस्था आधी सांगावी, आणि ती ऐकून घेऊन जोखीम आपली म्हणून मालकाने मान्य करावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागण्याचा हक्क दिला आहे आणि तो असायलाच हवा. पण पंधरा वर्षांचा निष्काळजीपणा ही तेल बदलणाऱ्याच्या सेवेतली त्रुटी नव्हे. साध्या कागदावर दोन ओळी लिहून, तेलाचा रंग आणि चुंबकावरची पूड यांचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवला, तर शेवटच्या हाताचे भय बरेच कमी होईल आणि पहिल्या तीन वर्गांतल्या गाड्यांना मिळायला हवा तो उपचार मिळू लागेल. निघालेल्या तेलाचीही व्यवस्था यातच येते. जुने तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी तेल विकणाऱ्या कंपन्यांवरही आहे. तरी गॅरेजच्या कोपऱ्यातले पिंप अधूनमधून कोणीतरी घेऊन जाते, त्यापलीकडे मालकाला काही माहीत नसते आणि ते विचारण्याची प्रथाही नाही.

जुन्या गाडीच्या सौद्यात काय विचारले जाते ते पाहावे. मालक कितवा, विमा कुठवर, कर्ज फिटले का, ॲव्हरेज किती, टायर कसे, अपघात झाला होता का, एसी गार करतो का. नोंदणीच्या कागदावर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग, आसने, मालकाचा अनुक्रमांक आणि कर्ज देणाऱ्या बँकेचे नावही असते. तेल कंपन्यांनी गॅरेजना वाटलेली कार्डे मात्र अजून कितीतरी गाड्यांत सापडतात, बॉनेटखाली चिकटवलेली किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलेली. त्यावर इंजिन ऑइलची तारीख आणि किलोमीटर निळ्या शाईत लिहिलेले असतात, एकाखाली एक, कधी तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत. त्याच्याच खाली ‘गिअर ऑइल’ अशी छापील ओळ असते, आणि तिच्यापुढची जागा बहुधा कोरी.